गाडीत ठेवलेला कुत्रा आणि शेजारच्या डेस्कवरची त्याची मालकीण

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिंजवडीतलं ऑफिस, उघड्यावरचं पार्किंग. तुमची टीम लीड मार्चपासून आठवड्यातून दोन-तीन दिवस तिचा तपकिरी कुत्रा गाडीत ठेवून वर कामाला येते. गाडी झाडाखाली, काचा चार बोटं खाली, मागे पाण्याचं भांडं. जेवणाच्या सुट्टीत ती खाली जाऊन त्याला फिरवून आणते. तुम्ही एकदा विषय काढलात तेव्हा तिने सांगितलं, "सावलीत आहे, काच उघडी आहे, आणि त्याला सवय आहे." आता तुम्ही विचारताय की एचआरकडे जाऊ, पोलिसांना कळवू की सरळ काच फोडू. तुमचं अप्रेझल तीच लिहिते, हेही तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत. बरं झालं सांगितलंत, कारण बहुतेक जण गप्प बसतात ते त्याच कारणाने.

मी परळच्या व्हेटरनरी कॉलेजातून शिकले आणि गेली बावीस वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. दर उन्हाळ्यात गाडीतून काढलेले कुत्रे माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुम्हाला उद्या ऑफिसात उपयोगी पडेल असं लिहायचा प्रयत्न करते.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, या क्षणी गाडीतला कुत्रा धोक्यात आहे का? त्याचं उत्तर मिनिटांत द्यावं लागतं. दुसरा, हा कुत्रा मुळात ऑफिसला येतोच कशासाठी? तो सुटायला आठवडा लागेल, कदाचित महिना. लोक यांचे उपाय एकमेकांना लावतात. कुत्रा खाली धापा टाकत असतो आणि माणूस वर बसून एचआरला ईमेल लिहीत असतो. किंवा कुत्रा ठीक असतो, आणि रोजच्या सवयीवरचा राग म्हणून कोणीतरी पार्किंगमध्ये तमाशा करतं. दोन्ही वेळा नुकसान कुत्र्याचंच होतं.

बरंच काही परिस्थितीवरही अवलंबून आहे, ते आधीच मान्य करते. कुत्रा किती वर्षांचा, वजन किती, नाक चपटं की लांब, महिना कोणता, गाडी किती वाजता कुठे लागते. दोन वर्षांचा सडपातळ गावठी कुत्रा आणि दहा वर्षांचा जाड पग यांना एकच नियम लावता येत नाही. पण तिने दिलेली तिन्ही कारणं मी शेकडो वेळा ऐकली आहेत, आणि त्यांतलं एकही टिकत नाही. का, ते सांगते, कारण तिच्याशी बोलताना तुम्हाला हेच लागेल.

सावलीचं आधी घेऊ. सावली एका जागी थांबत नाही. साडेनऊला गाडी लावताना टपावर पूर्ण सावली असते; बारा-साडेबाराला तीच सावली शेजारच्या गाडीवर गेलेली असते आणि मालकीण मीटिंगमध्ये असते. शिवाय सावलीतली गाडीही तापते. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये संशोधकांनी कडक उन्हाळ्यात गाड्या उन्हात आणि सावलीत लावून मोजमाप केलं होतं; तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उन्हातल्या गाडीतली हवा तासाभरात सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीतली हवा ३८ च्या आसपास होती. म्हणजे सावलीने फरक नक्की पडतो. पण ३८ अंशांच्या बंद पेटीत एक जिवंत प्राणी धापा टाकत असेल तर त्याच्या श्वासातली वाफही त्याच पेटीत साठते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

आपल्याला घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याच्या तशा घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या तळव्यांत असतात, त्यांचा उपयोग नगण्य. त्याची सगळी मदार धापेवर. जीभ बाहेर काढायची, भराभर श्वास घ्यायचा, तोंडातला आणि घशातला ओलावा वाळवायचा. आजूबाजूची हवाच दमट झाली की तो ओलावा वाळत नाही. मग धाप टाकण्याच्या श्रमाने अंग आणखी तापतं. पावसाळ्यात, बाहेर जेमतेम २८ अंश असतानाही, माझ्याकडे उष्माघाताचे कुत्रे आलेत ते यामुळे. चपट्या नाकाचे कुत्रे, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, यांचा धापेचा रस्ताच अरुंद असतो. ते सगळ्यात आधी कोसळतात. पर्शियन मांजरांचंही तसंच.

आता काच. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उन्हाच्या सोळा दिवशी गाडी उभी करून आतलं तापमान नोंदवलं. बाहेर २२ अंश असो की ३६, आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढत होतं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होत होती. काच थोडी खाली ठेवून पाहिली, फारसा फरक पडला नाही. पुण्यात जानेवारीतसुद्धा दुपारी २९-३० अंश होतात; म्हणजे "हिवाळ्यात काय होतंय" हेही खरं नाही. काच ऊन आत घेते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि आतली हवा तापवत राहतात. ती गरम हवा निघून जायला चार बोटांची फट पुरत नाही. आरपार वारा हवा, तो उभ्या गाडीत नसतो.

आणि सवय. हा शब्द ऐकला की मला काळजी वाटते. कुत्र्याचं शरीर उन्हाला काही प्रमाणात सरावतं हे खरं. पण ते सरावणं मोकळ्या हवेत, सावलीत, हळूहळू होतं. तापलेल्या गाडीची सवय कुठल्याही कुत्र्याला होत नाही. सवय होते ती भुंकणं सोडून देण्याची. मालकीण खाली येते, कुत्रा शांत पडलेला दिसतो, तिला वाटतं आरामात आहे. आरामात असलेला कुत्रा तिची चाहूल लागताच उठून शेपटी हलवतो. जो उशिरा उठतो, उठताना अडखळतो, ज्याची लाळ घट्ट आणि दोरीसारखी लोंबते, त्याला मी आरामात म्हणणार नाही.

एक कुत्रा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मे महिना, दुपारचे पावणेतीन. एका गृहस्थांनी सहा वर्षांचा लॅब्रेडॉर दोन्ही हातांवर उचलून आणला. अडतीस किलोचा कुत्रा, माणूस पन्नाशीचा, शर्ट कुत्र्याच्या लाळेने भिजलेला. एका कार्यालयात सही करायला गेले होते. पंधरा मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं. कुत्र्याच्या हिरड्या विटेसारख्या लालभडक, जीभ कडेने निळसर, डोळे उघडे पण नजर कशावरच नाही. थर्मामीटर लावला तर आकडा आलाच नाही, पडद्यावर नुसतं 'एच' हे अक्षर. त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे ताप होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं आणि १०६ च्या वर आम्ही उष्माघात धरतो.

आम्ही त्याला टेबलावर न घेता मागच्या अंगणात फरशीवर ठेवलं, नळाची नळी सोडली, आतला टेबलफॅन बाहेर आणून लावला, एकीकडे सलाईन. पंचवीस मिनिटांत ताप १०३ वर आला तेव्हा पाणी थांबवलं. संध्याकाळी त्याने मान उचलली. रात्री मालकांच्या हातून दोन घास दहीभात खाल्ला. त्यांना वाटलं, वाचला. मी त्यांना सांगत होते की अजून दोन दिवस काही बोलता येणार नाही, पण त्या चेहऱ्याकडे बघून शब्द नीट फुटत नव्हते. दुसऱ्या दिवशी पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठले, शी रक्ताची झाली, सुई टोचली तिथून रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. उष्माघातात असंच होतं. ताप उतरतो, पण भाजून निघालेलं आतडं, मूत्रपिंड आणि रक्त गोठवण्याची यंत्रणा पुढच्या दोन-तीन दिवसांत हात टेकते. इस्रायलमध्ये उष्माघाताच्या ५४ कुत्र्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात पोहोचलेल्यांपैकीही निम्मे वाचले नव्हते.

हे सगळं सांगितलं ते त्या गृहस्थांबद्दल बोलायचं होतं म्हणून. ते निर्दय नव्हते. तो कुत्रा दिवाळीच्या फटाक्यांनंतर एकटा राहीनासा झाला होता. घरी ठेवला की दार ओरबाडून पंजे रक्ताळून घ्यायचा, शेजारी तक्रार करायचे. म्हणून ते त्याला सगळीकडे बरोबर न्यायचे. बावीस वर्षांत गाडीतून कोसळलेला कुत्रा घेऊन आलेल्या माणसांत कुत्र्याची पर्वा नसलेला माणूस मला जवळजवळ भेटलेला नाही. पर्वा नसते तो कुत्रा घरी साखळीला बांधून जातो. गाडीत ठेवतो तो ज्याला कुत्र्याला एकटं सोडवत नाही. तुमची टीम लीड पाण्याचं भांडं ठेवते, स्वतःचं जेवण आटोपून त्याला फिरवते. तिच्याशी बोलायला जाल ते हे मनाशी पक्कं करून जा.

आता पहिला प्रश्न. उद्या तुम्ही पार्किंगमधून जाताना कुत्रा गाडीत दिसला, तर काय बघायचं? काचेवर बोटाने हलकेच टकटक करा. तो उठून बघतो, कान टवकारतो, तोंड मिटून पुन्हा बसतो, तर तुमच्या हाताशी थोडा वेळ आहे. खाली उभे राहा आणि तिला फोन करा, मेसेज नको. "तुझा कुत्रा गाडीत आहे, आत गरम झालंय, मी खाली थांबलोय, ये." एवढंच. स्वर चिडका नको. जोरात धाप, जीभ लांब आणि टोकाला रुंद झालेली, लाळेच्या तारा, सीटवर अस्वस्थ फिरणं किंवा काच चाटणं दिसलं तर ती पाच मिनिटांत खाली यायलाच हवी. फोन उचलत नसेल तर सिक्युरिटीच्या माणसाला गाडीचा नंबर द्या, तिच्या मजल्यावर माणूस पाठवा, मीटिंगचं दार वाजवायला लावा. या कामासाठी मीटिंग मोडली तर काही बिघडत नाही.

आणि टकटक करूनही तो उठत नसेल, झोकांड्या खात असेल, उलटी झाली असेल, आडवा पडून झटके देत असेल, तर ११२ ला फोन, सिक्युरिटी सोबत, आणि गाडी उघडणं. काच फोडण्याबद्दल तुम्ही थेट विचारलंत म्हणून थेट सांगते. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशा वेळी काच फोडणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारे कायदे आहेत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. मोठं नुकसान टाळण्यासाठी वाईट हेतू नसताना केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात आधार आहे, पण तो तुम्हाला नंतर मांडावा लागेल, आणि मी वकील नाही. म्हणून आधी फोन केल्याची नोंद असू द्या, घड्याळाच्या वेळेसकट कुत्र्याचा व्हिडिओ घ्या, सिक्युरिटीचा माणूस साक्षीला ठेवा. मगच, कुत्र्यापासून सर्वात लांबच्या दाराची काच. समोरची काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडकते पण निखळत नाही. मला विचाराल तर शुद्ध हरपलेल्या कुत्र्यासाठी मी काच फोडीन. नुसता धापा टाकणाऱ्या कुत्र्यासाठी आधी माणूस शोधीन.

कुत्रा बाहेर काढल्यावर लोक एक चूक हमखास करतात. त्याला तसाच तापलेला दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्याकडे पळतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तो अर्धा-पाऊण तास त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा असतो. आधी थंड करा, मग हलवा. बागेला पाणी घालायची नळी, अग्निशमनासाठी ठेवलेल्या वाळूशेजारची बादली, पाण्याचे जार, जे असेल ते. साधं नळाचं पाणी अंगभर, विशेषतः पोट, काखा, जांघा आणि पंजे भिजतील असं ओता आणि वारा घाला, पुठ्ठ्याने घातला तरी चालेल. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. स्वतः प्यायला तर पिऊ द्या. तापाची गोळी तर मुळीच नको. हा ताप संसर्गाचा नसतो, गोळीने उतरत नाही, आणि माणसांची तापाची औषधं प्राण्यांना घातक ठरू शकतात. दहा-पंधरा मिनिटं पाणी आणि वारा, मग एसी लावलेल्या गाडीतून दवाखान्यात. कोणी एकाने तोवर दवाखान्याला फोन करून ठेवावा. तो उठून उभा राहिला, शेपटी हलवली तरी दवाखान्यात न्यायचंच. का, ते वर लॅब्रेडॉरच्या बाबतीत सांगितलंच.

आता दुसरा प्रश्न, तिच्याशी बोलण्याचा. तुम्ही पार्किंगमध्ये, कुत्रा समोर असताना, चार लोकांदेखत बोलू नका. ज्या दिवशी तिने कुत्रा आणलेला नाही त्या दिवशी बोला, चहाला जाताना. आणि सुरुवात कुत्र्याच्या नावापासून करा. "ब्रूनो कसा आहे?" किंवा जे नाव असेल ते. मग विचारा, "तो घरी एकटा राहत नाही का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि उत्तर येईपर्यंत थांबणं त्याहून महत्त्वाचं. कुत्रा ऑफिसला का येतो हे तुम्हाला माहीत नाही, तुमच्या पत्रातही ते कुठेच नाही. माझ्या अनुभवात कारणं मोजकीच असतात. कुत्रा एकटेपणाने घर डोक्यावर घेतो. घरमालक किंवा सोसायटी कुरकुर करते. कामाच्या मावशी सुटल्या. घरात कोणी आजारी आहे, किंवा जे दुपारी घरी असायचं ते माणूस आता नाही. कधी औषध दर चार तासांनी द्यायचं असतं. मार्चपासूनच सुरू झालंय म्हणता, म्हणजे मार्चमध्ये काहीतरी बदललंय.

कारण कळलं की मग तुमची काळजी सांगा, आणि ती स्वतःची म्हणून सांगा. "परवा दुपारी मी खाली गेलो होतो तेव्हा गाडीवरची सावली गेली होती. तो जोरात धापा टाकत होता. मला वर बसून काम सुचेना." तुमच्यात अहोजाहो असेल तर तसं बोला, पण वाक्यं हीच. "तू असं कसं करतेस", "हा गुन्हा आहे", "गाडीत कुत्रे मरतात" यातलं काहीही पहिल्या दिवशी नको. ज्याला आपण कुत्र्यावर प्रेम करतो असं मनापासून वाटतं, त्याला क्रूर म्हटलं की तो ऐकणं बंद करतो.

वादात पडण्यापेक्षा एक साधी गोष्ट करा. खोलीचं तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. त्यात दिवसातलं सर्वात जास्त तापमान नोंदलेलं राहतं. ते तिला द्या. म्हणा, एक दिवस कुत्रा न आणता हे मागच्या सीटवर ठेव, नेहमीच्या झाडाखाली, नेहमीइतक्या काचा उघड्या ठेवून, आणि संध्याकाळी बघ. मी माझ्या दवाखान्याच्या अंगणात गुलमोहराखाली माझी गाडी लावून हेच केलं होतं. एप्रिलमध्ये, काचा थोड्या खाली ठेवून. संध्याकाळी पडद्यावर ४६ होतं. तेव्हापासून ते यंत्र माझ्या टेबलावर असतं आणि मी ते लोकांना घरी नेऊ देते. तुम्ही सांगितलेलं ती विसरेल. स्वतःच्या गाडीतला आकडा तिला विसरता येणार नाही.

आणि तिला पर्याय सुचवायची तयारी ठेवा, नाहीतर बोलणं उपदेशावर थांबतं. हिंजवडी, वाकड, बाणेर या भागात दिवसभर कुत्रे सांभाळणाऱ्या जागा आता बऱ्याच आहेत. रोज परवडणार नाही, पण ऑफिसला यावंच लागतं त्या दोन दिवसांपुरतं परवडू शकतं. ऑफिसात ज्यांचं त्या दिवशी घरून काम असतं असं कोणी त्याच भागात राहत असेल तर विचारता येईल. मोठा, निरोगी कुत्रा सकाळी चांगला फिरवून, दुपारी एकदा कोणी येऊन बाहेर नेणारं असेल तर घरी राहू शकतो. तो एकटा राहतच नसेल तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, पण आठवडे लागतात. तिला तिच्या डॉक्टरांना विचारू द्या. घरमालकाचा किंवा सोसायटीचा त्रास असेल तर भारतीय पशू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं तिला दाखवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही हे त्यात स्पष्ट आहे. संध्याकाळी दवाखान्यात न्यायचा म्हणून आणत असेल तर सकाळीच दवाखान्यात सोडता येतो. मी माझ्याकडच्यांना नेहमी सांगते, गाडीत ठेवू नका, माझ्याकडे ठेवा, पिंजरा रिकामा असतो.

एसी चालू ठेवून जाते असं ती म्हणाली तर त्यावरही विसंबू नका. इंजिन बंद पडतं, कंप्रेसर बंद पडतो, आणि आतल्याला ते सांगता येत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर धुराची वेगळीच भीती. काही इलेक्ट्रिक गाड्यांत प्राण्यासाठी एसी चालू ठेवायची सोय असते. टेस्लाने ती २०१९ मध्ये आणली. पाच-दहा मिनिटांसाठी ठीक, ऑफिसच्या दिवसासाठी नाही.

बोलूनही काही झालं नाही तर? एकदा बोललात, आकडा दाखवलात, पर्याय दिलेत, आणि पुढच्या आठवड्यात कुत्रा पुन्हा गाडीत. तेव्हा पुढचं पाऊल उचलायचं, आणि त्याबद्दल स्वतःला दोष द्यायचा नाही. मी एचआरपेक्षा आधी पार्किंग आणि इमारत सांभाळणाऱ्या विभागाकडे जाईन. एचआरकडे गेलं की ती माणसाविरुद्धची तक्रार होते, तुमचं नाव लागतं, आणि अप्रेझलची तुमची भीती खरी ठरू शकते. इमारतीच्या लोकांकडे मागणी जागेच्या नियमाची करता येते: उभ्या गाडीत मूल किंवा प्राणी ठेवू नये, सिक्युरिटीला दिसल्यास मालकाला लगेच बोलवावं. गेटवर एक पाटी, फेरी मारणाऱ्या माणसाला एक सूचना. असा नियम तुमच्या टीम लीडपुरता राहत नाही. कुठल्याही गाडीतल्या प्राण्याला, लहान मुलालाही, त्याचा आधार होतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही पोलिसांचं विचारलंत. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला अनावश्यक यातना देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड अजूनही १० ते ५० रुपये. प्राणी मेला किंवा अपंग झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मात्र हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. म्हणून ११२ चा उपयोग संकटाच्या वेळी मदत बोलावण्यासाठी आणि नोंद राहावी म्हणून करा. रोजची सवय त्या दंडाने मोडेल असं मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या बाबतीत असं झालं. त्यांच्या बीगलचा गाडीतला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, लोकांनी नको ते लिहिलं. त्यांनी कुत्रा गाडीत ठेवणं थांबवलं नाही. गाडी दोन गल्ल्या पलीकडे, कोणी ओळखीचं जात नाही अशा रस्त्यावर लावायला लागल्या आणि काचांवर पडदे लावले. मला हे कळलं ते बीगलला पाणी कमी पडून लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा. आज तुमच्या टीम लीडचा कुत्रा सगळ्यांना दिसतो, सिक्युरिटीला दिसतो, तुम्हाला दिसतो. तो दिसत राहणं ही त्याच्या दृष्टीने सध्याची सगळ्यात मोठी सुरक्षितता आहे. ती घालवू नका.

आज रात्रीपुरतं इतकं करा: सिक्युरिटीच्या केबिनचा नंबर आणि ऑफिसपासून जवळचा, दुपारी उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना फोनमध्ये साठवून ठेवा, बरेच दवाखाने एक ते चार बंद असतात, आणि नेमकी तीच वेळ वाईट असते. पार्किंगमध्ये पाण्याचा नळ कुठे आहे ते पाहून ठेवा. आणि मला तीन गोष्टी कळवा: कुत्रा कुठल्या जातीचा, अंदाजे वय किती, आणि गाडी नेमकी कोणत्या तासापर्यंत सावलीत असते. नाक चपटं असेल किंवा तोंडावर पांढरे केस आले असतील, तर चहाची वेळ शोधत बसू नका, उद्या सकाळी ती गाडी लावत असतानाच खाली भेटा.